सन्नतीची चंद्रलांबा आणि श्रीचक्राची आकृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी ‘आपली कुलदैवते’ असा विषय चालकांनी सुचविला. हा विषय एका संध्याकाळी आटोपण्यासारखा नव्हे. म्हणून त्यांतील एकच देवस्थान घेऊन त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती मान्य केली. मी निवडलेले स्थान महाराष्ट्राच्या सीमेत येत नाही. ते कर्नाटकात, गुलबर्गा जिल्ह्यात आहे. २०१४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले आहे. गावाचे नाव सन्नती, नदी भीमा आणि देवी चंद्रलांबा. या सभागृहात जमलेल्या मंडळींपैकी कित्येकांच्या घरी नवरात्रात घट बसतो तो याच देवीच्या नावाने, हे मला ठाऊक आहे.

परप्रांतात वाढलेली आपली मुले कधी कधी एक प्रश्न विचारतात. आपण मराठी, तर मग आपली कुलस्वामिनी कानडी मुलखात कशी? वडीलधारी माणसे या प्रश्नाला बहुधा ‘पूर्वापार आहे’ एवढेच उत्तर देतात. मला हा प्रश्न उत्तर देण्याजोगा वाटतो. राज्यपुनर्रचना झाली १९५६ साली. तोपर्यंत गुलबर्गा आणि मराठवाडा हे दोन्ही मुलूख हैदराबाद राज्यातच होते. त्याहीपूर्वी बहामनी, आदिलशाही, निजामशाही या राजवटींच्या वाटण्या भाषेकडे पाहून झालेल्या नव्हत्या. देशस्थ घराण्यांच्या सोयरिकी, वतने आणि तीर्थयात्रा भीमेच्या दोन्ही अंगांनी चालत. पंढरपुरी जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच नदी पुढे गाणगापुरावरून सन्नतीला येते आणि त्यानंतर कृष्णेला मिळते. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेल्या नदीला सीमा ओलांडताना भाषा बदलावी लागली नाही. तिच्या काठच्या देवदेवतांनाही ती बदलण्याचे कारण पडले नाही.

स्थानाची कथा थोडक्यात सांगतो. एका जुलमी राजाने एका सत्पुरुषाच्या पत्नीचे हरण केले. त्या सत्पुरुषाने हिंगुळांबिकेची, म्हणजे आज बलुचिस्तानात असलेल्या हिंगलाज क्षेत्रातील देवीची, आराधना केली. ‘मी तुझ्यामागून येते, मात्र वळून पाहू नकोस’, अशी अट घालून देवी निघाली. भीमेच्या काठी त्याचा धीर सुटला, त्याने मागे पाहिले आणि देवी तेथेच स्थिरावली. मग तिने भ्रमर सोडले व त्या भ्रमरांनी राजाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. मागे वळून पाहण्याची ही अट महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांच्या कथांत तुम्ही ऐकली असेल. भ्रमररूपाने असुराचा नाश करण्याचे अभिवचन तर देवीमाहात्म्यातच आहे आणि श्रीशैलावरील भ्रमरांबेचे नावही त्याच कल्पनेतून आले आहे. मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की सन्नतीची देवी स्वतःच दूरदेशाहून आलेली आहे, असे तिचे भक्त मानतात.

आता आजच्या मुख्य विषयाकडे वळू. चंद्रलांबेचे मंदिर श्रीचक्राच्या आकृतीवर उभारलेले आहे, अशी परंपरा आहे आणि त्या उभारणीशी जे नाव जोडले जाते, ते भारतीय शाक्त वाङ्मयातील फार मोठे नाव आहे: भास्करराय. त्यांचा जन्म सुमारे १६९० चा मानतात. पित्याचे नाव गंभीरराय, मातेचे कोनमांबा. ललितासहस्रनामावरील ‘सौभाग्यभास्कर’ हे त्यांचे भाष्य १७२८ साली काशीत पुरे झाले. नित्याषोडशिकार्णवावरील ‘सेतुबंध’ ही टीका १७३३ ची आहे. ‘वरिवस्यारहस्य’ हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ असून भावनोपनिषदावरही त्यांचे भाष्य आहे. आज दक्षिणेत जेथे जेथे सहस्रनामाचा पाठ अर्थासह होतो, तेथे तो अर्थ बहुतांशी भास्कररायांनी लावलेला असतो. पाठ करणाऱ्यास हे ठाऊक असो वा नसो. १८९९ साली अनंतकृष्णशास्त्री यांनी या भाष्याच्या आधारे सहस्रनामाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते परदेशी अभ्यासकांनाही परिचित झाले.

त्यांचे शिष्य जगन्नाथपंडित, दीक्षानाम उमानंदनाथ, यांनी ‘भास्करविलास’ नावाचे चरित्रकाव्य रचले. भास्कररायांनी निरनिराळ्या क्षेत्री देवालये उभारली आणि सन्नतीस आपली कुलदेवता चंद्रलांबा हिचे मंदिर श्रीचक्राच्या आकारात बांधले, ही हकीकत त्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन जाधव शाहू महाराजांचा पक्ष सोडून निजामाकडे गेले, हे इतिहासात प्रसिद्धच आहे. ते भास्कररायांचे शिष्य होते, असेही परंपरा सांगते. पुढे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या भोसले राज्यात भास्कररायांना कावेरीकाठी एक गाव मिळाले आणि ते भास्करराजपुरम् म्हणून ओळखले जाऊ लागले. भीमा, गंगा, कावेरी असा हा प्रवास आहे. ज्यांना आपल्या स्थलांतराचे अप्रूप वाटते, त्यांनी हा नकाशा एकदा समोर ठेवून पाहावा.

त्यांची एक दंतकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. तिरुविडैमरुदूर येथे ते सायंकाळी आपल्या ओसरीवर खांबाला पाय लावून बसत. एक संन्यासी रोज तेथून जाई. गृहस्थ आपल्याला उठून नमस्कार करीत नाही, म्हणून तो रागावला आणि त्याने चारचौघांत त्यांना दूषण दिले. भास्कररायांनी त्याचे दंड-कमंडलू समोर ठेवण्यास सांगितले व त्यांना नमस्कार केला. दोन्ही वस्तूंचे तुकडे झाले. न्यासाने ज्याच्या देहात देवता वसली आहे, त्याचा नमस्कार सोसण्याची शक्ती तुमच्यात नव्हती म्हणून मी उठत नव्हतो, असे ते म्हणाले. कथा खरी की खोटी, याच्याशी मला कर्तव्य नाही. देह हेच देवीचे घर, हा जो विचार तीत आहे, तो पुढे लागणार आहे, एवढ्यासाठी ती सांगितली.

तर श्रीचक्र म्हणजे काय? मध्ये एक बिंदू. त्याभोवती एकमेकांत गुंतलेले नऊ मोठे त्रिकोण. त्यांपैकी चार ऊर्ध्वमुख, ते शिवाचे. पाच अधोमुख, ते शक्तीचे. हे नऊ एकमेकांना छेदतात, तेव्हा त्रेचाळीस लहान त्रिकोण निर्माण होतात. ते विस्कळीत नसतात. मध्ये एक, त्याभोवती आठ, मग दहा, पुन्हा दहा आणि सर्वांत बाहेर चौदा अशी त्यांची कडी बसतात. बिंदू धरला तर संख्या चव्वेचाळीस होते. त्याच्या बाहेर आठ पाकळ्यांचे कमळ, मग सोळा पाकळ्यांचे, मग तीन वर्तुळे आणि शेवटी चार दारांचा चौकोनी कोट, त्यास भूपुर म्हणतात.

वाचताना हे सोपे वाटते. काढायला बसले की कळते. सौंदर्यलहरीच्या टीकांतून जी रीत चालत आली आहे, तीत वर्तुळाच्या उभ्या व्यासाचे अठ्ठेचाळीस समान भाग करतात आणि वरून ६, ६, ५, ३, ३, ४, ३, ६, ६, ६ अशी अंतरे मोजून नऊ आडव्या रेघा ओढतात. म्हणजे त्या ६, १२, १७, २०, २३, २७, ३०, ३६ आणि ४२ या खुणांवर येतात. मग काही रेघांची टोके ठरावीक मापाने पुसून टाकायची आणि प्रत्येक रेघेच्या टोकांपासून त्रिकोणाच्या भुजा नेमलेल्या खुणेपर्यंत न्यायच्या. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. जेथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्याला संधी म्हणतात.  जेथे तीन रेघा एकाच ठिकाणी मिळतात, त्याला मर्म म्हणतात.  मर्माच्या ठिकाणी तिन्ही रेघा नेमक्या एका बिंदूतून गेल्या पाहिजेत. एका मर्मावर केसभर अंतर राहिले म्हणून रेघ सरकवावी, तर तीच रेघ दुसऱ्या तीन मर्मांवर चुकते, कारण प्रत्येक भुजा अनेक मर्मांत भागीदार असते. एकत्र कुटुंबात एका खोलीची भिंत हलवावी आणि सगळ्या घराची मोजणी बिघडावी, तसाच हा प्रकार. अठ्ठेचाळीस भागांची रीत हाताने रेखाटण्यास पुरते. पूर्ण काटेकोर जुळणी हवी असल्यास अवघड समीकरणे सोडवावी लागतात. मॉस्कोचे गणिती कुलायचेव यांनी या आकृतीच्या गणिती गुणधर्मांवर अभ्यास करून १९८४ साली भारतीय विज्ञानेतिहासाच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आहे. चैत्रांगण काढणाऱ्या भगिनींना या अडचणीचे मर्म कोणत्याही गणित्यापेक्षा लवकर उमगेल, असे मला वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो. बाजारात आज तांब्याच्या पत्र्यावर छापलेली श्रीयंत्रे सर्रास मिळतात, आणि दूरदेशी राहिल्यामुळे कुलाचार राहून गेला, म्हणून भयभीत झालेल्या कुटुंबांना ती दामदुपटीने विकलीही जातात. विकत घेणाऱ्याने निदान भिंग घेऊन मर्मे तपासावीत. पुष्कळ यंत्रांत तीन रेघा एका बिंदूत मिळण्याऐवजी तेथे एक इवलासा नको असलेला त्रिकोण तयार झालेला असतो. ज्या संप्रदायाने मर्म चुकविणे हा दोष मानला, त्याच्या नावावर अशा वस्तू विकल्या जाव्यात, याचा मला विषाद वाटतो. कुलाचार चुकल्याच्या भीतीपोटी कोणतेही यंत्र घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूजेत हे चक्र नऊ आवरणांचे मानतात. बाहेरच्या कोटापासून आत जाऊ लागलो की त्यांची नावे अशी येतात: त्रैलोक्यमोहन, सर्वाशापरिपूरक, सर्वसंक्षोभण, सर्वसौभाग्यदायक, सर्वार्थसाधक, सर्वरक्षाकर, सर्वरोगहर, सर्वसिद्धिप्रद आणि बिंदूच्या ठिकाणी सर्वानंदमय. या क्रमाकडे जरा लक्ष द्या. सर्वांत बाहेर तीन लोकांना भुरळ घालणारा कोट, मग आशा पुरविणाऱ्या पाकळ्या, मग खळबळ. सौभाग्य, अर्थ, रक्षण, आरोग्य हे सर्व मागणे मधल्या वाटेवर होऊन जाते. सिद्धीसुद्धा शेवटच्या आधीच्या पायरीवर भेटते आणि ओलांडावी लागते. बिंदूपाशी मागण्यासारखे काही उरत नाही. आतून बाहेर गेलो तर तो सृष्टिक्रम, बाहेरून आत आलो तर संहारक्रम. संहार या शब्दाने दचकू नये; येथे त्याचा अर्थ आवरून घेणे, गोळा करणे असा आहे.

अशी आकृती दगडात कशी बांधणार? सपाट रेखाटनाला भूप्रस्तार आणि पायऱ्यापायऱ्यांनी उंच चढत गेलेल्या घडणीला मेरू म्हणण्याचा प्रघात आहे. कांचीपुरम् येथे कामाक्षीच्या पुढ्यात श्रीचक्र स्थापिलेले आहे आणि त्याची पूजा मूर्तीइतकीच महत्त्वाची मानतात. पण संपूर्ण इमारतच यंत्र व्हावी, ही कल्पना वेगळी. बंगालमध्ये हुगळीकाठी बाँसबेडिया येथे हंसेश्वरीचे देऊळ आहे. राजा नृसिंहदेव राय यांनी ते बांधावयास घेतले, त्यांच्या निधनानंतर राणी शंकरी यांनी १८१४ साली ते पुरे केले. त्याला कमळाच्या कळ्यांसारखी तेरा शिखरे आहेत आणि आतील रचना इडा, पिंगला, सुषुम्ना इत्यादी नाड्यांच्या मांडणीवर कल्पिलेली आहे. कलकत्त्याच्या मराठी मंडळींना तेथे एका दिवसात जाऊन येता येते. तेथे देह इमारतीत उतरविला आहे.

सन्नतीचे मंदिर श्रीचक्राकार म्हणताना, त्रेचाळीस त्रिकोण दगडात शोधण्याचा खटाटोप करू नये. चिरे आणि खांब यांना काटकोन मानवतो, अणकुचीदार त्रिकोण मानवत नाही. कोणतेही देवालय श्रीचक्राशी खऱ्या अर्थाने जुळते ते आवरणांच्या क्रमात: कोट, महाद्वार, प्राकार, मंडप, अंतराळ आणि गर्भगृह. भूपुराची चार दारे आणि प्राकाराची दारे यांचे नाते डोळ्यांना दिसते. माणूस उजेडातून अंधाराकडे, गर्दीतून एकटेपणाकडे, मोठ्या जागेतून लहान जागेत जात राहतो. बिंदूच्या जागी देवी असते. यंत्र कागदावर जे सांगते, ते मंदिर पायांना सांगते.

आणि भास्कररायांनी भाष्यासाठी निवडलेले भावनोपनिषद याच्याही पुढे जाते. ते म्हणते, देह हेच श्रीचक्र. नऊ आवरणे देहातच कल्पावीत, पूजेची सामग्रीही मनोभावांचीच असावी, असा त्याचा रोख आहे. ज्या पुरुषाने आपल्या कुलदेवतेसाठी दगडी श्रीचक्र उभारले, त्यानेच दगडावाचून चालणाऱ्या पूजेवर भाष्य लिहिले. मला यात विरोध दिसत नाही. काशी, सन्नती, तंजावर असा फिरलेला माणूस देवी एकाच चौथऱ्यावर बसवून कसा मोकळा होईल? देवताही प्रसंगी प्रवास करतात. कांचीची सुवर्णकामाक्षी अठराव्या शतकातील स्वाऱ्यांच्या भयाने तेथून हलविली गेली, ठिकठिकाणी राहिली, अखेर तंजावरी आली आणि मराठा राजांच्या आश्रयाने तेथे तिचे देऊळ झाले. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी श्यामाशास्त्री (१७६२–१८२७) यांचे घराणे तिच्या पूजाऱ्यांचे. आपल्यापैकी ज्यांना सन्नतीस दरवर्षी जाणे घडत नाही, त्यांच्या मनात जी टोचणी असते, तिला मी हलके लेखत नाही. परंतु घरच्या देव्हाऱ्यातील टाकापुढे ओटी ठेवणारी गृहिणी काही उणे करते, असे निदान भास्कररायांच्या ग्रंथांवरून तरी सिद्ध करता येणार नाही.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण हकीकत. चंद्रलांबेच्या आवारात कालीचे देऊळ आहे. १९८० च्या दशकात त्याचे छप्पर कोसळले आणि मूर्ती भंगली. ढिगारा उपसताना मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही बाजूंवर ब्राह्मी अक्षरे होती आणि मूर्तीचा पाया बसावा म्हणून तिच्या मध्यभागी आरपार चौकोनी भोक पाडलेले होते. वाचन झाल्यावर कळले, की हे सम्राट अशोकाचे लेख आहेत. एका बाजूस बारावा आणि चौदावा शिलालेख, दुसऱ्या बाजूस ते दोन स्वतंत्र लेख, जे तोवर केवळ कलिंगात, धौली व जौगड येथेच ठाऊक होते. त्यांत राजाने सर्व माणसांना आपल्या लेकरांच्या ठिकाणी मानले आहे.

बाराव्या लेखाचा आशय ऐकण्यासारखा आहे. आपल्या पंथाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निष्कारण निंदा करू नये. तसे करणारा आपल्याच पंथाची हानी करतो. सर्वांनी एकमेकांची तत्त्वे ऐकावीत, अशी अशोकाची शिकवण त्यात आहे. नेमक्या त्याच शिळेला भोक पाडून तीवर देवी बसविली गेली. पाथरवटाला दोष देण्यात अर्थ नाही. ब्राह्मी लिपी वाचण्याची कला त्याच्या कितीतरी आधी लुप्त झाली होती. ती पुन्हा उलगडली जेम्स प्रिन्सेपने, १८३७ साली. त्याच्या दृष्टीने तो एक चांगला, सपाट, घडीव दगड होता. मध्यभागी असलेली अक्षरे मात्र कायमची गेली. श्रद्धेने केलेल्या कामातही काही पुसले जाते, हे मान्य केले पाहिजे. आणि त्याच श्रद्धेच्या ओझ्याखाली उरलेली अक्षरे ऊनपावसापासून सुरक्षित राहिली, हेही तितकेच खरे. या दोन्ही वाक्यांपैकी एकच उच्चारणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना तो बारावा लेख वाचावयास सांगणे बरे.

जवळच कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात एक मोठा बौद्ध स्तूप निघाला. तेथील एका शिल्पपट्टावर राजा, राणी आणि सेविका कोरल्या असून ‘रायो असोको’ अशी अक्षरे आहेत. अशोकाचे नाव घालून कोरलेले हे प्राचीन शिल्प आहे. त्याच स्तूपावर सातवाहन राजांचीही शिल्पे नावानिशी आढळली. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. कुलस्वामिनी कानडी मुलखात कशी, असे विचारणाऱ्या मुलांना हा पट्टही अवश्य दाखवावा.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी: रेल्वेने वाडी-रायचूर मार्गावरील नालवार स्थानकावर उतरावे व तेथून रस्त्याने सन्नती गाठावी. उन्हाळा त्या मुलखात फार कडक असतो, म्हणून थंडीचे दिवस निवडावेत. सकाळी देवीचे दर्शन घ्यावे. आवारात शिरल्यावर कोटाच्या दारापासून गर्भगृहापर्यंत आपण किती उंबरे ओलांडले, ते मुलांना मोजावयास सांगावे. मग दुपार कनगनहळ्ळीस द्यावी. भीमेला पाणी असेल तर संध्याकाळी घाटावर थोडे बसावे.